मोकळी जमीन म्हणजे नेमकी कोणती?

गिरणगावावरच्या मराठी लेखनात भोंगा आहे, चाळ आहे, मोर्चा आहे, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला आणि रीतसर कधीच मागे न घेतलेला संप आहे. माणसं तर भरपूर आहेत. कागद मात्र जवळजवळ नाही. गिरण्या ज्या जमिनीवर उभ्या होत्या तिचे दस्त, त्या दस्तांतल्या अटी, त्या अटींवरून झालेले खटले हे सगळं ‘वकिलांचं काम’ म्हणून साहित्याच्या उंबऱ्याबाहेर राहिलं. मला वाटतं, संपानंतरच्या गिरणगावाची गोष्ट मुख्यतः तिथेच लिहिली गेली. म्हणून या लेखात समीक्षा आहे ती एका नियमाची आणि काही निकालांची. कथा-कादंबरीची नाही.

मी वकील नाही, कोड लिहितो. माझ्या कामाचा निम्मा भाग म्हणजे कुणीतरी कुठेतरी एक व्याख्या बदललेली असते आणि त्यामुळे तीन फाइल पलीकडे काय मोडलं ते शोधणं. हे कागद वाचायला ती सवय अनपेक्षितपणे कामी आली. बरंचसं वाचन डोंबिवली ते परळ लोकलमध्ये मोबाइलवर झालं. निकालाचं पीडीएफ मोबाइलवर वाचणं हा छळ आहे, पण चौथ्या-पाचव्या दिवशी त्याची लय सापडते.

जमिनीवरची अट ही गोष्ट आपल्याकडे कुणाला नवीन नाही. गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना ‘नव्या शर्तीची जमीन’ माहीत असते. सरकारने दिलेली, पण परवानगीशिवाय विकता न येणारी. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकतं. शहरातल्या कारखान्यांच्या जमिनींवरही अशा शर्ती असतात. काही भाडेपट्ट्यात लिहिलेल्या, काही नियमावलीतून लादलेल्या. कारखाना चालू असतो तोवर त्या शर्तींकडे कुणी बघत नाही. तो बंद पडला, जमिनीचा भाव कारखान्यापेक्षा जास्त झाला, की जुनी पेटी उघडली जाते.

आता साहित्याकडे. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक १९९७ मध्ये आलं. अख्खं नाटक चाळीतल्या एका खोलीत घडतं. धुरी कुटुंब, आई, तीन मुलगे, एक मुलगी, गिरणीत काम करणारा जावई. गिरणी बंद पडते तेव्हा बाहेरचं सगळं जग दाबलं जाऊन त्या खोलीत शिरतं आणि माणसं एकमेकांवर आदळायला लागतात. संपाचे परिणाम भाषण न करता दाखवणारं यापेक्षा चांगलं नाटक मराठीत मला माहीत नाही. पण ती खोली कुणाची? ती ज्या जमिनीवर आहे ती कुणी कुणाला, किती वर्षांसाठी, कुठल्या अटीवर दिली होती? हा प्रश्न नाटकाच्या चौकटीत येत नाही, आणि तो यायला हवा होता असं मी म्हणणार नाही. भुकेलेलं माणूस भाडेपट्टा वाचत बसत नाही. मात्र नाटक रंगमंचावर आलं त्याच वर्षांत त्या खोलीबाहेर, कागदावर, तिचं भवितव्य ठरत होतं. गिरणगावचा मौखिक इतिहास नोंदवणारं मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक २००४ चं. ते माणसांचे आवाज गोळा करतं आणि ते फार मोलाचं आहे. कागदाला आवाज नसतो, त्यामुळे तो अशा पुस्तकांतून निसटतो.

तर पहिला कागद. मुंबईची विकास नियंत्रण नियमावली, १९९१. तिच्यातला ५८ वा नियम खास कापड गिरण्यांच्या जमिनींसाठी होता. मध्य मुंबईत अशी सुमारे ६०० एकर जमीन होती. नियमाची कल्पना साधी, आणि खरं सांगायचं तर सुंदर होती. गिरणी बंद पडली किंवा आजारी पडली आणि मालकाला जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल, तर जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करा. एक महापालिकेला, बाग-मैदानासाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाला, त्याने त्यावर हवं ते बांधावं. गिरणीच्या आकारानुसार टक्के थोडे मागेपुढे होत होते, पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो आकडा ‘एक तृतीयांश’. आणि ही वाटणी मोकळ्या जमिनीवर तर होतीच, शिवाय जुनं बांधकाम पाडल्यावर जी जमीन रिकामी होईल तिच्यावरही होती.

नियमात एक फट होती. मालकाने इमारत पाडलीच नाही, आतल्या आत वापर बदलला, तर वाटणीचा प्रश्न येत नव्हता. त्यामुळे बहुतेकांनी वाटणीचा रस्ता धरलाच नाही. १९९६ मध्ये सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. त्याचं म्हणणं असं की गिरणी-गिरणीचा सुटा विचार करू नका, जमिनी एकत्र धरून अख्ख्या भागाचा आराखडा करा. तो अहवाल सरकारी कपाटात गेला.

मग २० मार्च २००१ ला नियम ५८ बदलला. मालक पुढे येत नाहीत, जमीन मिळत नाही, कामगारांची देणी थकली आहेत, म्हणून नियम व्यवहार्य करतो आहोत, असं कारण दिलं गेलं. नव्या नियमातही बाग होती, म्हाडा होती, तीन वाटे होते. वरवर वाचणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं. बदललं होतं ते इतकंच की वाटणी आता फक्त ‘मोकळी जमीन आणि शिल्लक एफएसआय’ यांची होणार होती. बांधकाम पाडून रिकामी होणारी जमीन वाटणीतून बाहेर.

इथे वाचताना मी थांबलो. आमच्याकडे याला फंक्शन तेच ठेवून इनपुट बदलणं म्हणतात. फंक्शन अजूनही तीनाने भागतं. कुणीही येऊन तपासावं, भागाकार बरोबर आहे. कशाला तीनाने भागायचं, ते बदललं.

ज्यांनी गिरणी आतून पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल, आपल्या पिढीला सांगावं लागतं. गिरणी म्हणजे कॉलेजसारखं मोठं मैदान आणि त्यात चार इमारती असा प्रकार नसतो. विणकामाच्या शेड एकमजली आणि अवाढव्य. करवतीच्या दातांसारखं छप्पर, म्हणजे उत्तरेकडचा उजेड आत यावा. कताईच्या बहुमजली इमारती, गोदामं, बॉयलर, चिमणी. मोकळं म्हणजे मधले रस्ते, अंगण, कुठे एखादा तलाव. समजा, दहा एकरांची गिरणी आहे आणि आठ एकरांवर छप्पर आहे. (हे उदाहरण माझं, हिशेबापुरतं.) जुन्या नियमाने सगळं पाडलं तर बागेला तीन एकर तेरा गुंठे. नव्या नियमाने दोन एकरांचा तिसरा हिस्सा, सव्वीस गुंठे. सव्वीस गुंठ्यांत बाग होते, नाही असं नाही. झोपाळा, घसरगुंडी, जॉगिंग ट्रॅक या नावाची फरशी, आणि गेटवर ‘वेळ : सकाळी ६ ते १०’.

एक भाषिक गंमत पाहा. ‘मोकळी जमीन’ हा शब्दप्रयोग ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पाडलेल्या इमारतीची जागा ही मोकळी जमीन आहे की नाही? कुणालाही विचारा. बुलडोझर फिरून गेल्यावर तिथे मुलं क्रिकेट खेळायला लागतात, इतकी ती मोकळी असते. सामान्य मराठी (किंवा इंग्रजी) कानाला जे मोकळं वाटतं ते नियमाच्या भाषेत मोकळं नव्हतं. शब्द रोजचा ठेवायचा आणि अर्थ खाजगी द्यायचा, ही या मजकुराची शैली. एखाद्या कवीने असं केलं तर आपण त्यावर परिसंवाद घेतो.

२००५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्याच वर्षी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्या लिलावात विकल्या. एकट्या मुंबई टेक्सटाइल मिलला ७०२ कोटी रुपये आले. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला: मोकळ्या जमिनीत पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही धरायला हवी. तसं धरलं नाही तर शहराला हवा आणि घरं देण्याचा नियमाचा हेतूच उरत नाही. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. नियम बदलायचा अधिकार सरकारला आहे, बदललेले शब्द स्पष्ट आहेत, आणि सरकारने पर्यावरणाबरोबर कामगारांची देणी, आजारी गिरण्या, बँकांचं कर्ज हेही तोललेलं आहे, असा त्या निकालाचा सूर.

दोन्ही निकाल वाचून माझं मत असं झालं, आणि ते माझ्या बऱ्याच मित्रांना पटत नाही. वाचक म्हणून उच्च न्यायालय श्रेष्ठ, पण शब्दांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालय चूक नव्हतं. उच्च न्यायालयाने जुन्या मजकुराचा आत्मा नव्या मजकुरात वाचायचा प्रयत्न केला. पण जुन्या मजकुरात जो शब्दसमूह होता तो कुणीतरी जाणूनबुजून खोडला होता. खोडलेलं वाक्य अजून आहे असं समजून वाचता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाला दोष देणारे बरेच लेख मी वाचले, आणि मला वाटतं, त्यांनी चुकीच्या माणसाची समीक्षा केली. न्यायाधीश इथे भाष्यकार आहेत. लेखक २००१ मध्ये मंत्रालयात बसलेला होता. त्याचं नाव मजकुरावर नाही, ‘शासन’ एवढंच आहे, आणि म्हणून त्याच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

पण मग सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात माझ्या मते कमी काय आहे? तोलण्याची भाषा आहे, पण तराजूच्या एका पारड्यात काय ठेवलं आहे ते नीट बघितलेलं नाही. कामगारांची देणी हे कारण खोटं नव्हतं. हे बागप्रेमी मंडळींनी मान्य करायला हवं. दत्ता इस्वलकरांसारखे लोक वर्षानुवर्षं बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी लढले ते थकलेल्या पैशासाठी आणि घरासाठी. बाग त्यांच्या मागण्यांत पहिली कधीच नव्हती. जमीन विकली तर पैसे मिळतील, मालकाला जास्त जमीन मिळाली तर तो लवकर विकेल, ही साखळी कामगाराच्या घरातून पाहिली तर तर्कशुद्ध दिसते. कामगारांच्या मान्यताप्राप्त संघटनेनेही २००१ च्या बदलाला पाठिंबा दिला होता. पण त्याच शब्दबदलाने म्हाडाचा वाटाही आटला, आणि गिरणी कामगारांची घरं त्याच वाट्यावर व्हायची होती. म्हणजे देणी आणि घर या दोन गोष्टी एकाच वाक्याने एकमेकांविरुद्ध उभ्या केल्या. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली तेव्हा घरं होती सात हजारांच्या आत, आणि अर्ज लाखाच्या वर. ही गोष्ट ‘समतोल’ या शब्दाखाली झाकली जाते आणि निकाल पुढे जातो.

दुसरा कागद पूर्णपणे वेगळ्या घराण्यातला आहे. तो आहे एक भाडेपट्टा. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या कायद्यात पुढे एक योजना आली, ‘पुअरर क्लासेस अकॉमोडेशन स्कीम’. गिरणीमालकाने अर्ज करायचा, ट्रस्टने जमीन द्यायची, तिथे गिरणीच्या गरीब कामगारांसाठी खोल्या व्हायच्या, आणि गिरणीला ती मालमत्ता नाममात्र भाड्याने मिळायची. सेंच्युरी मिलने असा अर्ज १९१८ मध्ये केला. लोअर परळच्या जागेवर ४७६ खोल्या आणि १० दुकानं झाली. भाडेपट्टा २८ वर्षांचा, भाडं वर्षाला एक रुपया. मुदत ३१ मार्च १९५५ ला संपली. म्हणजे अख्ख्या कराराचं भाडं अठ्ठावीस रुपये. लोअर परळला हल्ली तेवढ्यात चहाही मिळेल असं सांगवत नाही.

योजनेच्या नावातला ‘पुअरर’ हा शब्द मला सोडवत नाही. गरीब नाही, ‘अधिक गरीब’. कुणापेक्षा? तुलना आहे आणि जिच्याशी तुलना करायची ती बाजू कोरी आहे. वसाहतीच्या काळातल्या साहेबी सभ्यतेने ती लिहायची गरज नव्हती, वाचणाऱ्याला ती कळत होती.

१९५५ नंतर काय झालं? कागदावर काहीच नाही, आणि खटल्यातला सगळा नाट्यभाग या काहीच-नाहीमध्ये आहे. कंपनीने जमीन परत केली नाही. महापालिकेने, जी तोवर ट्रस्टची वारस झाली होती, ती मागितली नाही. पन्नासेक वर्षं दोघंही गप्प. २००६ मध्ये, म्हणजे गिरण्यांच्या जमिनींचा भाव आभाळाला लागल्यावर, कंपनीने नोटीस दिली: मुदत संपल्यावर ही मालमत्ता आमच्या नावावर करून द्यायची होती, करून द्या. २०१६ मध्ये रिट याचिका. २०२२ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, कंपनीचं बरोबर आहे, महापालिकेने कन्व्हेयन्स करून द्यावा. ७ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. भाडेपट्ट्यात मालकी देण्याचं कलमच नाही, कायद्यातूनही ती आपोआप मिळत नाही, आणि १९५५ ला संपलेल्या करारासाठी इतक्या वर्षांनी दार ठोठावणं हा अक्षम्य उशीर आहे.

मजकूर म्हणून हा निकाल २००६ च्या निकालापेक्षा मला जास्त आवडला, आणि कारण जमीन कुणाला मिळाली हे नाही. दोन्हीकडे प्रश्न होता न लिहिलेल्या गोष्टीचा. २००६ मध्ये, जे खोडलं आहे ते अजून आहे असं वाचता येईल का? २०२५ मध्ये, जे लिहिलंच नाही ते अध्याहृत धरता येईल का? दोन्हीकडे उत्तर ‘नाही’. पण दुसऱ्या निकालात न्यायालय एक पाऊल पुढे जाऊन विचारतं की हा कागद मुळात कशासाठी केला होता. गरिबांना खोल्या मिळाव्यात म्हणून एका रुपयात जमीन दिली. ती अट गळून जमीन मात्र हाती राहावी, असं वाचन त्या कागदाचं वाचन ठरत नाही. कायद्यातले शब्द मोजत बसण्याच्या परंपरेत हा हेतू विचारण्याचा क्षण मला ताजा वाटला. २००६ मध्ये हाच प्रश्न नियम ५८ ला विचारला गेला असता तर शब्दांनी तरीही त्याला हरवलं असतं कदाचित, पण निकालात निदान एक अस्वस्थ परिच्छेद असता.

खटकणारी गोष्ट दुसरी आहे. खटल्याच्या शीर्षकात दोन नावं आहेत, महापालिका आणि कंपनी. ४७६ खोल्यांत जी माणसं राहिली, त्यांची मुलं, नातवंडं, ती या मजकुरात ‘उद्देश’ म्हणून येतात. योजनेचा उद्देश, कायद्याचा उद्देश. पात्र म्हणून कुणी येत नाही. इथे मला ‘अधांतर’ची ती खोली पुन्हा आठवली, एका उलट कारणासाठी. नाटकात माणसं आहेत आणि कागद नाही, निकालात कागद आहे आणि माणसं नाहीत. हे दोन्ही मजकूर एकाच चाळीबद्दल असू शकतात हे मराठी वाचकाला कुणी सांगत नाही, कारण ते दोन वेगळ्या टेबलांवर ठेवलेले असतात. मला वाटतं, गिरणगावावरची पुढची चांगली कादंबरी या दोन टेबलांच्या मधे बसून लिहिली जाईल. तिच्यात भाडेपट्टा हे पात्र असेल, आणि १९५५ ते २००६ हा एक लांबलचक, कुणी काही न बोलण्याचा अंक असेल. नाटकवाल्यांना शांततेचं काय करायचं ते ठाऊक असतं. इथे एक्कावन्न वर्षांची आयती पडून आहे.

एक प्रश्न निकाल सोडवत नाही, सोडवायचा त्याचा विषयही नव्हता. ‘गरिबांच्या घरांसाठी’ ही अट कंपनीला बांधत होती. आता खटला महापालिका जिंकली. मग ती अट महापालिकेलाही बांधते का? की जमीन परत आली तशी शर्तही विरघळली आणि उरला लोअर परळमधला पाच एकरांच्या आसपासचा, फार महाग भूखंड? युक्तिवादात योजनेच्या उद्देशाचा आधार घ्यायचा आणि जिंकल्यावर तो फाइलला लावून ठेवायचा, हे कुठल्याही संस्थेला जमतं. या जमिनीबद्दल पुढे जो कागद निघेल, ठराव असो की टेंडर, तो पीडीएफ स्वरूपातच येईल. तो उघडला की मी आधी सर्चमध्ये ‘गरीब’ टाकून बघणार आहे. मग ‘पुअरर’. मग, सवयीने, ‘मोकळी’.